सेसपिटचा सातबारा

त्यांचा उच्चार वाईट होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरंच चांगलं सांगावं लागणार आहे आणि ते सांगताना माझ्या पोटात दुखणार आहे. ‘व्हेजिटेबल’चा शेवट ते जेवणाच्या टेबलासारखा करायचे. बुधवारला ‘वेडनेसडे’ म्हणायचे, आणि कुणी हटकलं तर शांतपणे सांगायचे, “लिवलंय तसं वाचलं. चूक लिवणाऱ्याची हाय.” आणि हा माणूस माझ्या शेजारच्या वर्गात तेरा वर्षं इंग्रजी शिकवत होता.

मी सांगलीची. आमच्या घरी सकाळी रेडिओवर इंग्रजी बातम्या लागायच्या आणि वडील आम्हा दोघी बहिणींना त्यातली वाक्यं पुन्हा म्हणायला लावायचे. इंग्रजी घेऊन एम. ए. झाले, लग्न होऊन सातारा जिल्ह्यात आले आणि रहिमतपूरच्या पुढे एका गावातल्या हायस्कूलला चिकटले. गावाचं नाव सांगत नाही. संस्था अजून चालू आहे आणि माझी पेन्शन अजून सुरू व्हायची आहे.

मी लागल्यानंतर आठ वर्षांनी ते आले. माणदेशातले, म्हसवडजवळच्या एका वाडीचे. सैन्यात इंजिनिअर पलटणीत होते. तिथंच बाहेरून बी. ए. केलं, सुटून आल्यावर बी. एड. केलं आणि पंचेचाळिशीला मास्तर झाले. मी सीनिअर म्हणून ‘अ’ तुकडी माझी, ‘ब’ त्यांची. ‘अ’मध्ये गावातल्या दुकानदारांची, डॉक्टरांची, शिक्षकांची मुलं. ‘ब’मध्ये उरलेली. वाटणी अशीच होती आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बारा महिने पांढरे कॅनव्हासचे बूट. खिशात शिट्टी. चहा प्यायला घरून आणलेला टवके उडालेला मग. कुठलंही अंतर ते पावलांनी सांगायचे: स्टाफरूमपासून ऑफिस एकोणीस पावलं, नळ एकेचाळीस. आणि कुठलीही बाई शिक्षिका स्टाफरूममध्ये आली की खुर्चीवरून उठून उभे राहायचे. दिवसातून आठ वेळा आली तर आठ वेळा. मी त्यांना दोनदा सांगितलं, “सर, दरवेळी उठायची गरज नाही.” ते उभ्यानंच म्हणाले, “बरं, मॅडम.” आणि पुढच्या वेळी पुन्हा उठले.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे रजिस्टर. लांबलचक, लाल कापडी पुठ्ठ्याचं. त्यात ते इंग्रजी शब्दांचे सातबारे लिहायचे. थट्टा नाही करत. वर शब्द. खाली अर्थ. त्याखाली चतुःसीमा: पूर्वेला कुठला शब्द लागतो, पश्चिमेला कुठला, आपली हद्द कुठं संपते आणि शेजाऱ्याची कुठं सुरू होते. तलाठ्याच्या मुलानं एकदा त्यांना सांगितलं, की सर, चतुःसीमा सातबाऱ्यावर नसते, ती खरेदीखतात असते. ते म्हणाले, “जमिनीला नसंल. शब्दाला पायजे. लय आक्रमण हुतं रं शब्दावर.” चतुःसीमेखाली वहिवाट, म्हणजे तो शब्द माणसं कशी वापरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, कब्जेदार.

शब्द ज्यानं स्वतःच्या आयुष्यात खरा करून दाखवला, त्याच्या नावावर तो चढायचा. पाठ करून चालायचं नाही. परेडला नवे बूट घालून आलेल्या एका मुलाच्या टाचेला फोड आला, तर ‘ब्लिस्टर’ त्याच्या नावावर झाला, आणि तो पोरगा आठवडाभर लंगडत सगळ्या शाळेला तो दाखवत फिरला. नुसती मुलंच नव्हे. मुलं शब्द घरी न्यायची. बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईनं मला मेथी देता देता सांगितलं होतं, “मॅडम, बार्गेन माझ्या नावावर हाय बरं का, कमी करून मागू नगा.” एका मुलीच्या आजीच्या नावावर ‘स्टबर्न’ होता आणि म्हातारी ते अभिमानानं सांगायची.

एकदा चढलेलं नाव बदलायचं झालं तर फेरफार. त्याचा नियम कडक होता. जुन्या कब्जेदारानं आपल्या हातानं कारण लिहायचं, खाली सही करायची, आणि सर साक्षीदार म्हणून सही करणार. कारणाशिवाय फेरफार नाही.

माझ्या तुकडीचा निकाल दरवर्षी त्यांच्यापेक्षा चांगला लागायचा, हेही इथं नोंदवून ठेवते. माझी मुलं व्याकरणात चुकायची नाहीत. पण सैन्यातून सुट्टीवर आलेली माजी मुलं शाळेत शिरली की सरळ ‘ब’च्या दारात जाऊन कडक सॅल्यूट ठोकायची, आणि जाता जाता मला लांबून नमस्कार करायची. नमस्कार व्यवस्थित असायचा. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि म्हणूनच तो जास्त झोंबायचा.

एकदा ते स्टाफरूममध्ये रजिस्टर उघडून बसले होते. मला म्हणाले, “मॅडम, दोन वरसं झाली, ‘जेलस’ला कब्जेदार मिळंना. पोरं म्हंत्यात, आमाला कुणाचा हेवा न्हाई.”

मी म्हटलं, “खोटं बोलत असतील.”

“आसंल,” ते म्हणाले. “पण आपणहून आल्याबिगर नाव कसं लावायचं?”

मी वह्या तपासायला घेतल्या.

वर आणि त्यांची एक खोड होती. शिकवता शिकवता मध्येच वर्गाबाहेर यायचे, माझ्या दारात उभे राहायचे आणि दोन्ही वर्गांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “मॅडम, ह्याचा उच्चार तेवढा सांगा. माझं तोंड खेड्याचं हाय.” मी सांगायची. ते तिथंच तीनदा म्हणून बघायचे, चुकायचे आणि जायचे. ‘ब’ची मुलं हसायची, पण प्रेमानं. मला ते सगळं नाटक वाटायचं. स्वतःला कमी दाखवून मोठं व्हायची युक्ती. मी तसं माझ्या नवऱ्याला बोलूनही दाखवलं होतं. तो म्हणाला, “अगं, खरंच येत नसेल उच्चार.” मला ते पटलं नाही.

आमची गौरी नववीत गेली तेव्हा ती माझ्या वर्गात नको म्हणून मीच तिला ‘ब’मध्ये घातलं. आईनं मुलीला शिकवलं की लोक बोलतात. तोवर आमचा एक नेम होता. संध्याकाळी मी भाकरी करायची, ती ओट्याला टेकून उभी राहायची आणि शब्द विचारायची. आई, ‘रिलक्टंट’ म्हणजे? मी तीन अर्थ सांगायची, उच्चार घोटून घ्यायची, एक वाक्य करून दाखवायची. दिवसातला तो अर्धा तास माझा होता. शाळेत मला कुणी असं विचारत नव्हतं.

‘ब’मध्ये गेल्यावर महिन्याभरात ती विचारायची थांबली आणि सांगायला लागली. सर म्हणतात, ‘हंग्री’ आणि ‘स्टार्व्हिंग’च्या मध्ये ओढा आहे, तो उगाच ओलांडायचा नाही. सर म्हणतात, शब्द पाहुण्यासारखा आणला तर जातो, नांगराला जुंपला तर राहतो. सर म्हणतात, सर म्हणतात. माझ्या भाकऱ्या करपायला लागल्या.

त्याच वर्षी पुस्तकातल्या एका धड्यात ‘सेसपूल’ हा शब्द आला. एका शहराबद्दल होतं, की ते शहर म्हणजे दुर्गुणांचा सेसपूल झालं होतं. मी ‘अ’मध्ये फळ्यावर लिहिलं: सेसपूल किंवा सेसपिट, मैलापाण्याचा खड्डा, लाक्षणिक अर्थ, घाणेरडी जागा. मुलांनी नाकं मुरडली, मी पुढच्या ओळीवर गेले. दीड मिनिट लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मला खिडकीतून शिट्टी ऐकू आली. ‘ब’ तुकडी दोन-दोनच्या रांगेत मैदानातून मुलींच्या संडासांमागे चालली होती. सगळ्यात पुढे कॅनव्हासचे बूट. माझा अख्खा वर्ग खिडकीला. मी ओरडले, तेव्हा बसले.

तिथं काय झालं ते संध्याकाळी गौरीनं सांगितलं. संडासांमागे सिमेंटचा मोठा स्लॅब होता आणि भिंतीवर संस्थेनं निळ्या रंगात लिहून घेतलं होतं, ‘सेप्टिक टँक’. सरांनी मुलांना स्लॅबपासून चार पावलं लांब उभं केलं आणि विचारलं, “भिंत काय म्हंती?” मुलं म्हणाली, सेप्टिक टँक. “भिंत खोटं बोलती,” सर म्हणाले. मग त्यांनी काठीनं जमिनीवर आकृती काढली. सेप्टिक टँकला दोन खण असतात. एकात गाळ बसतो, दुसऱ्यातून पाणी शोषखड्ड्याकडे निघून जातं. “ह्याला खण एकच हाय, आन् भाईर जायाला वाट न्हाई. ह्याला पोट हाय, त्वांड न्हाई. ह्यो सेसपिट. काश्मिरात आमी आसलं पंधरा खणल्यात. माझं इंग्रजी तितंच सुरू झालं. सायब वरनं वराडायचा, मी खाली खड्ड्यात हुभा राहून अर्थ लावायचो.”

मग म्हणे त्यांनी पायानं ती आकृती पुसली. “आमचा एक सायब समद्या छावणीला सेसपूल म्हणायचा. त्यानं खड्डा कवाच बघितला नव्हता. ज्यानं खड्डा बघितला, त्यानंच गावाला तसं म्हणावं. वहिवाटीचा हक्क त्याचा.”

गौरीनं तिथं एक प्रश्न विचारला होता. “सर, बाहेर जायला वाट नाही, तर मग हा रिकामा कधी होतो?”

  सरांनी काठीनं स्लॅबच्या कडेला ठोकून बघितलं, कान लावला, आणि म्हणाले, “गौरे, हितनं पुढं ह्यो शब्द तुझा.”

ती जेवताना सांगत होती. “आई, सेसपिट माझ्या नावावर झाला.” तिचा बाप ठसका लागेपर्यंत हसला. मी म्हटलं, “एवढे चांगले शब्द पडलेत, आणि तुला हा दिला?” ती म्हणाली, “सर म्हणाले, लय मोलाचा शब्द हाय, जपून वापर.” त्यांच्यासारखंच म्हणाली, ‘हाय’सकट. सांगलीच्या माझ्या वडिलांची नात.

चार दिवसांनी सकाळी डबे भरता भरता मी नवऱ्याला म्हणाले, “शाळेत वास मारतोय हल्ली, सेप्टिक टँक भरला वाटतं.” गौरी वेणी घालत होती. ती म्हणाली, “आई, तो सेप्टिक टँक नाहीये. तुला फरक माहीत नाही?” आणि तिनं ओट्यावर तीन वाट्या मांडल्या. दोन जवळजवळ, हा सेप्टिक टँक. एक एकटी, हा सेसपिट. चमच्यानं पाणी घालून दाखवलं. एकट्या वाटीतलं पाणी काठाला आलं, तेव्हा ती म्हणाली, “आता बघ, हिला कुणीतरी उपसायलाच पाहिजे.” तिच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं ती मला प्रेमानं समजावत होती. मी, तिला बोलायला शिकवलेली बाई, ओट्यापाशी उभी राहून त्या माणसाचा धडा तिच्याकडून शिकत होते. मी वाट्या उचलल्या आणि घासायला टाकल्या.

त्याच दिवशी दुपारी ते स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी आले. हातात मग नव्हता, कागद होता. त्यांनी मुख्याध्यापकांकडे अर्ज केला होता, की हा सेसपिट आहे, बांधल्यापासून उपसलेला नाही, आतल्या वाफेनं स्लॅबच्या सळ्या गंजल्या असणार, पूर्वेचा कोपरा बोटभर खचलाय; तरी गाडी बोलावून उपसून घ्यावा आणि तोवर मुलींना तिकडून जाऊ देऊ नये. मुख्याध्यापकांनी संस्थेला विचारलं. संस्थेकडून उत्तर आलं, की कागदोपत्री तो सेप्टिक टँक आहे, सेप्टिक टँक असा वारंवार उपसावा लागत नाही, सरांचा हा शब्दाचा वाद आहे. मुख्याध्यापक कुणाशीच वाकडं घ्यायचे नाहीत. ते म्हणाले, शब्दाचाच वाद असेल तर इंग्रजीच्या मुख्य शिक्षिकेचं मत लेखी आणा.

“मॅडम,” ते म्हणाले, “एका वळीचं काम हाय. सेसपिट येगळा आन् सेप्टिक टँक येगळा, येवढंच लिवून द्या. माझ्या सांगण्याला कोण पुसतंय. तुमी लिवलं की झालं.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते उभेच होते, मी बसलेली. मला सकाळच्या वाट्या दिसत होत्या. मी पेन काढलं आणि लिहिलं: ‘सेसपिट आणि सेप्टिक टँक हे दोन्ही शब्द सर्वसामान्य वापरात एकाच अर्थाने योजले जातात. भाषेच्या दृष्टीने त्यांत फरक करण्याचे कारण नाही.’ खाली सही. सहीखाली एम. ए. पण लिहिलं, जे मी एरवी कधी लिहीत नाही.

आजही मला कुणी विचारलं तर मी म्हणू शकते, की लोक बोलताना दोन्ही शब्दांची सरमिसळ करतात, मी चूक काय लिहिलं? पण तेव्हा माझ्या मनात भाषा नव्हती. मला त्या माणसाला एकदा, फक्त एकदा, चूक ठरलेलं बघायचं होतं.

त्यांनी कागद सावकाश वाचला. दोनदा वाचला. घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “बरं. मॅडम म्हंत्यात तर तसं.” ना आवाज चढला, ना चेहरा पडला. मला अपेक्षा होती भांडणाची. ते न भांडता गेले, त्याचाही मला राग आला.

कागद फायलीला लागला. खड्डा उपसला गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीन तमाशा सुरू झाला. खेळाच्या सरांकडून मैदान आखायची फक्की घेऊन ते रोज प्रार्थनेआधी त्या स्लॅबभोवती चार पावलं सोडून पांढरी रेघ मारायचे. सगळ्या सुट्ट्यांमध्ये तिथं जाऊन उभे राहायचे, हात मागे, पहाऱ्यावर असल्यासारखे. मुली संडासाला जायच्या त्या लांबून, रेघेच्या बाहेरून. पाऊस पडला की रेघ धुऊन जायची, ते छत्रीत उभं राहून पुन्हा मारायचे. स्टाफरूममध्ये त्यावर इतकं हसू व्हायचं की विचारू नका. त्यांना आम्ही खड्ड्याचे सुभेदार म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं. ते आत आले की हसू थांबायचं, आणि आत आलेले ते, आम्हा बायकांना बघून थोडं वाकून उभे राहायचे, मग बसायचे.

महिनाभर हे चाललं. श्रावणातल्या एका सकाळी, सगळी शाळा मैदानात प्रार्थनेला उभी असताना, मागून धान्याचं पोतं टाकल्यासारखा आवाज आला. पूर्वेचा कोपरा खाली गेला होता. त्याच्यामागोमाग अर्धा स्लॅब. वास असा आला की प्रार्थना अर्ध्यावर सुटली. रेघेच्या आत कुणी नव्हतं. एकीनं आदल्या दिवशी तिथं विसरलेली पाण्याची बाटली तेवढी आत गेली. रेघेच्या बाहेरून, मुलींच्या रोजच्या वाटेवरून बघितलं तर खड्डा काठापर्यंत भरलेला दिसत होता.

 गौरी तिच्या मैत्रिणींबरोबर उभी होती, मी तिला धरायला गेले, तिनं हात सोडवून घेतला. मैत्रिणींसमोर मुली असं करतातच, असं मी स्वतःला सांगितलं.

संस्थेनं घाईघाईनं नवीन टाकी बांधली, या वेळी दोन खणांची. फाईल कुठं गेली कुणी विचारलं नाही. स्लॅब पडला त्याच दुपारी ते स्टाफरूममध्ये माझ्याजवळ आले होते आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, मनाला लावून घिऊ नगा. तुमचा शब्द बराबरच हुता. स्लॅब कच्चा हुता.”

मी ते टोमणा म्हणून घेतलं. एवढा सभ्य, एवढा धारदार टोमणा मला आयुष्यात कुणी मारला नव्हता. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलणंही सोडलं. ते पुढे पाच वर्षं शाळेत होते. मी आले की उठायचे, मी दुसरीकडे बघायची. निरोपसमारंभाला सबंध गाव लोटलं होतं. माझं डोकं दुखत होतं म्हणून मी लवकर घरी आले. डोकं दुखत नव्हतं.

त्या श्रावणाच्या आधीच कधीतरी गौरीचं ‘सर म्हणतात’ बंद झालं होतं. मला ते लक्षात आलं तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करते. ती परत माझ्याकडे शब्द विचारायला येईल म्हणून मी वाट बघितली. ती आली नाही. माझ्याकडेही नाही आणि त्यांच्याकडेही नाही. म्हटलं, वय आहे. निदान त्यांच्याकडचीही गेली, यावर मी समाधान मानलं. अकरावीला तिनं सायन्स घेतलं, आता पुण्यात नोकरी करते, फोनवर माझ्याशी व्यवस्थित बोलते. त्या माजी मुलांच्या नमस्कारासारखं व्यवस्थित.

या एप्रिलमध्ये मी रिटायर होतेय. कपाट रिकामं करून द्यायचं म्हणून गेल्या महिन्यात इंग्रजी विभागाचं जुनं लोखंडी कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात त्यांची सहा रजिस्टरं होती. जाताना ते शाळेलाच ठेवून गेले होते. मी खुर्ची ओढून बसले. कितीतरी वेळ वाचत होते. ‘ब्लिस्टर’ होता, ‘बार्गेन’ होता, ‘स्टबर्न’वर म्हातारीचा अंगठा होता. मला हसू येत होतं आणि हेवाही वाटत होता, इतक्या वर्षांनी, अगदी ताजा. माझ्या तीस वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या होत्या.

चौथ्या रजिस्टरात सेसपिट सापडला. अर्थ, चतुःसीमा, पूर्वेला सेप्टिक टँक, पश्चिमेला शोषखड्डा, सगळं नीट. कब्जेदार: गौरी, इयत्ता नववी ब. त्या नावाला कंस केला होता. सातबाऱ्यावर गेलेल्या नावाला करतात तसा. त्याखाली नवीन कब्जेदाराचं नाव होतं. माझं. पुढे एम. ए.

अर्थाच्या ओळीवर एक आडवी रेघ मारून त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं: ‘सेसपिट व सेप्टिक टँक एकच. मुख्य इंग्रजी शिक्षिका मॅडम यांचे लेखी मतावरून दुरुस्ती.’ माझ्या त्या कागदाची नक्कल तिथंच डकवली होती. पूर्वेची हद्द खोडली होती. तारीख मी लिहून दिल्याच्या दुसऱ्या दिवशीची. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी पहिली फक्की मारली, त्याच दिवशी मुलांसमोर स्वतःला चूक ठरवलं होतं. स्लॅब पडल्यावर त्यांनी ते बदललं नव्हतं. त्यानंतरच्या पाच वर्षांतल्या मुलांनी तो शब्द तसाच उतरवून घेतला होता, माझ्या नावासकट. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटत होतं, की मॅडमचा शब्द बरोबर आणि स्लॅब कच्चा.

खाली फेरफाराचा रकाना होता. जुन्या कब्जेदारानं स्वतःच्या हातानं कारण लिहायचं. गौरीचं नववीतलं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. ‘कारण: आईला जास्त कळतं.’ खाली सही.

मी तिथंच बसून तिला फोन लावला. ती ऑफिसात होती. मी म्हटलं, “गौरी, तुझा एक शब्द माझ्या नावावर आहे.”

 ती म्हणाली, “सापडलं का रजिस्टर.”

“तुला माहीत होतं, मी खोटं लिहून दिलंय ते?”

“आई, मीच नव्हत्या का तुला वाट्या मांडून दाखवल्या?”

“मग सही कशाला केलीस? सरांना सांगायचंस.”

“काय सांगायचं?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, मॅडम लय शिकल्याली बाई हाय, ती खोटं कशाला लिवंल. मी त्याच्यावर काय बोलायचं होतं? मी तुझी मुलगी ना.”

 तिची मीटिंग होती, तिनं फोन ठेवला.

शब्द तिच्या नावावर परत करायचा आहे. त्याला फेरफार लागेल, आणि नियम त्यांचाच आहे. जुनी कब्जेदार आता मी. कारण मला माझ्या हातानं लिहावं लागेल, आणि साक्षीदाराची सही त्यांची. ते वाडीवर असतात, कानांनी कमी ऐकू येतं म्हणे, बाकी ठणठणीत आहेत. म्हसवडच्या एसटीची वेळ मी विचारून घेतली आहे. रजिस्टर पिशवीत घालून दाराशी ठेवलंय, त्यालाही आता बरेच दिवस झाले. प्रवासाची मला भीती नाही. मी दारात दिसले की ते उठून उभे राहतील. कारणाचा रकाना कोरा बघून विचारतील, “मॅडम, तवा चुकलं हुतं व्हय?” त्यांना ऐकू जावं म्हणून मला मोठ्यानं सांगावं लागेल, की सर, चुकलं नव्हतं.